पंक वादकाचे चरित्र लिहायचे असेल तर

मराठीला गवयांची चरित्रे लिहिण्याची जुनी सवय आहे. घराणे कोणते, गंडा कोणाचा बांधला, तालीम किती वर्षे चालली, पहिली मैफल कुठे रंगली, एवढे कळले की चरित्राचा सांगाडा उभा राहतो. पंक रॉक, म्हणजे सत्तरच्या दशकात न्यूयॉर्क-लंडनमधून पुढे आलेले साधे, वेगवान, कर्कश संगीत, वाजवणाऱ्याबद्दल लिहायला बसले की यांतला एकही प्रश्न उपयोगी पडत नाही. तिथे गुरू नसतो, तालीम नसते, आणि कित्येकदा पहिला कार्यक्रम होतो तेव्हा वाद्य हाती धरून वर्षही झालेले नसते. मग लिहिणारा हाताशी सहज येणाऱ्या सामग्रीकडे वळतो. सेफ्टी पिना, रंगवलेले केस, शिव्या, मादक द्रव्ये आणि अकाली मृत्यू यांवर लेख उभा राहतो खरा, पण त्यात फक्त वेश कळतो, माणूस कळत नाही. माणूस कळायचा असेल तर तीन साध्या गोष्टी शोधाव्यात. तो कोणत्या जागेत वाजवत होता, त्याच्या ध्वनिमुद्रिकेचा खर्च कोणी उचलला आणि त्याचे घरभाडे कशातून निघत होते? पुढील सर्व सूचना या तीन प्रश्नांतूनच निघालेल्या आहेत.

विषय लहान घ्यावा. ‘पंकचा इतिहास’ असे शीर्षक देऊन बसलेला लेखक न्यूयॉर्कहून लंडनला आणि लंडनहून कॅलिफोर्नियाला नुसता धावत राहतो. त्यापेक्षा एक शहर, एक वर्ष किंवा एकच ध्वनिमुद्रिका निवडावी. न्यूयॉर्कच्या बावरी रस्त्यावरचे ३१५ क्रमांकाचे दुकानवजा मद्यगृह, म्हणजे सीबीजीबी, एवढाच विषय घेतला तरी तो पुरून उरतो. हिली क्रिस्टल यांनी १९७३च्या अखेरीस ते उघडले तेव्हा तिथे कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज हे संगीत वाजावे, असा त्यांचा बेत होता आणि नावातली आद्याक्षरेही त्यांचीच होती. त्या जागी ऑगस्ट १९७४मध्ये रमोन्स हा बँड पहिल्यांदा वाजवून गेला, आणि ज्या संगीतासाठी जागा उघडली होती ते तिथे फारसे वाजलेच नाही. ऑक्टोबर २००६मध्ये गायिका पॅटी स्मिथ यांच्या कार्यक्रमाने ती जागा बंद झाली. एका खोलीची ही ३३ वर्षे नीट मांडली तर निम्मी चळवळ आपोआप आत येते.

विषय ठरल्यावर लिहायला लगेच सुरुवात करू नये. आधी तारखांची वही करावी, आणि तीही दिवसवार. हे काम कंटाळवाणे वाटते, पण या क्षेत्रातल्या निम्म्या दंतकथा तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की गळून पडतात. इंग्लंडमधला १९७६चा उन्हाळा घेऊ. ४ जूनला मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स या बँडचा कार्यक्रम झाला, आणि तो भरवला होता हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली या दोन विद्यार्थ्यांनी. ३ जुलैला हेच पिस्टल्स हेस्टिंग्जच्या समुद्रधक्क्यावर वाजवत होते आणि श्रोत्यांत मारियान इलियट-सेड नावाची मुलगी होती. त्या दिवशी तिला एकोणीस वर्षे पूर्ण झाली होती. ४ जुलैला शेफील्डमध्ये पिस्टल्सच्या आधी वाजवून क्लॅश या बँडने आपला पहिला कार्यक्रम केला. त्याच रात्री लंडनच्या राउंडहाउसमध्ये रमोन्स होते. ६ जुलैला डॅम्ड हा बँड लंडनच्या हंड्रेड क्लबात पहिल्यांदा रंगमंचावर आला, आणि त्याच महिन्यात ‘स्निफिन ग्लू’ या हस्तनिर्मित पत्रिकेचा पहिला अंक निघाला.

ही पाच-सहा नोंदींची वही हाताशी असली म्हणजे काय होते ते पाहा. क्लॅशच्या मंडळींनी राउंडहाउसमध्ये रमोन्सना ऐकले आणि त्यांचे आयुष्य पालटले, अशा अर्थाचे वाक्य अनेक ठिकाणी वाचायला मिळते. वही सांगते की त्या रात्री ते शेफील्डला होते. रमोन्सचा दुसरा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी, ५ जुलैला, डिंगवॉल्समध्ये झाला आणि भेट झाली ती तिथे. फरक एका दिवसाचा आहे, पण त्यामुळे कथेचा अर्थच बदलतो, कारण रमोन्सना प्रत्यक्ष पाहण्याआधीच क्लॅशचा पहिला कार्यक्रम होऊन गेलेला होता. मँचेस्टरच्या कार्यक्रमाचेही तसेच. तिथे श्रोते होते काही डझन, आणि पुढच्या काळात ‘मी तिथे होतो’ असे सांगणारे मात्र शेकड्यांनी निघाले. शिवाय २० जुलैला त्याच सभागृहात पिस्टल्सचा दुसरा कार्यक्रम झाला. त्याला गर्दी बरीच होती, आणि अनेकांच्या आठवणीत या दोन रात्री एकमेकींत मिसळल्या आहेत. असे लोक खोटे बोलत होते, असे लिहिण्याची घाई करू नये. आठवण सांगणाऱ्याला विचारायचे ते एवढेच की त्या रात्री बझकॉक्स, म्हणजे डेव्होटो आणि शेली यांचा स्वतःचा बँड, वाजवत होता का, कारण जूनमध्ये तो वाजवला नव्हता. उत्तर होकारार्थी आले तर ती रात्र जुलैची होय.

मुलाखतींवर विसंबण्याआधी वस्तू पाहावी, हा पुढचा नियम, आणि माझ्या मते या कामातला सर्वांत आनंदाचा भाग हाच आहे. पंकच्या ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन हा एक दस्तऐवज असतो. बझकॉक्सची ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची मुद्रिका २९ जानेवारी १९७७ रोजी निघाली. कंपनीची वाट न पाहता डेव्होटो, शेली आणि त्यांचे व्यवस्थापक रिचर्ड बून यांनी ओळखीपाळखीच्या माणसांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेतले, डिसेंबरच्या अखेरीस काही तासांत गाणी मुद्रित केली, न्यू हॉर्मोन्स हे कंपनीचे नाव स्वतःच ठेवले आणि पहिल्या खेपेला १००० प्रती काढल्या. वेष्टनावर प्रत्येक गाण्यापुढे ते कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले आणि त्यावर नंतर काही चढवले की नाही, याची नोंद छापलेली आहे. ही नोंद म्हणजे आचाऱ्याने मुदपाकखान्याचे दार मुद्दाम उघडे ठेवण्यासारखे आहे. ध्वनिमुद्रिका बनवणे ही काही गूढ विद्या नाही, आम्ही कशी बनवली ते बघा आणि तुम्हीही बनवा, असे ते वेष्टन न बोलता सांगते. पहिल्या हजार प्रती संपून पुढे विक्री १६,००० पर्यंत गेली. चरित्रकाराच्या दृष्टीने मात्र याहून बोलका तपशील असा की मुद्रिका निघाल्यावर थोड्याच आठवड्यांत डेव्होटो बँड सोडून गेला.

वेष्टन हाती आले की त्यावरील कंपनीचे नाव, पत्ता, छायाचित्रकार, मुद्रणस्थळ आणि किंमत या पाच गोष्टी उतरवून घ्याव्यात. किंमत छापलेली असेल तर ती कोणी आणि का छापली, हे शोधावे. एसेक्समधल्या डायल हाउस या घरात एकत्र राहणारा क्रास हा बँड आपल्या मुद्रिकांवर ‘यापेक्षा जास्त देऊ नका’ अशा अर्थाची सूचना रकमेसह छापत असे, म्हणजे दुकानदाराला वाढीव भाव लावण्याची सोयच उरत नसे. वॉशिंग्टनमधल्या टीन आयडल्स या शाळकरी मुलांच्या बँडने कार्यक्रमांतून आलेला पैसा वाटून न घेता एका डब्यात साठवला. १९८०मध्ये बँड मोडला तेव्हा त्यात सुमारे ६०० डॉलर होते. ते वाटून घ्यावेत की आठवण म्हणून मुद्रिका काढावी, यावर विचार होऊन मुद्रिका निघाली आणि डिस्कॉर्ड ही कंपनी जन्माला आली. वेष्टन कसे करतात हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून इयन मॅकाय, जेफ नेल्सन आणि मित्रमंडळींनी एका ब्रिटिश मुद्रिकेचे वेष्टन उकलून सपाट केले, त्याच्या कडा पाहून तसाच आकार छापून घेतला आणि हजार वेष्टने हातांनी कापून, दुमडून, चिकटवली. असा प्रसंग एकदा सापडला की ‘स्वावलंबन हे पंकचे तत्त्व होते’ हे वाक्य लेखात लिहायची गरज उरत नाही.

आता पैशाकडे. कलावंताच्या नोकरीबद्दल विचारणे आपल्याकडे थोडे कमीपणाचे मानले जाते. गवयाच्या चरित्रातही संस्थानाची बिदागी किती होती, हे चाचरतच लिहिले जाते. पंकच्या बाबतीत हा संकोच पूर्ण बाजूला ठेवावा. ‘स्निफिन ग्लू’ काढणारा मार्क पेरी बँकेत कारकून होता. जॉनी रमोन बांधकामावर काम करत असे. हेन्री रॉलिन्स १९८१मध्ये ब्लॅक फ्लॅग या बँडमध्ये गायक म्हणून गेला, त्याआधी तो वॉशिंग्टनमधल्या आइस्क्रीमच्या दुकानाचा व्यवस्थापक होता. नोकरी सुटली की नाही, कधी सुटली आणि पुन्हा धरावी लागली का, या तीन तारखा वहीत मिळाल्या की आयुष्याचा कणा हाती लागतो.

रमोन्सचे उदाहरण या संदर्भात डोळे उघडणारे आहे. त्यांची पहिली तबकडी एप्रिल १९७६मध्ये निघाली. सुमारे ६,४०० डॉलर खर्च, आठवडाभराचे काम, चौदा गाणी, आणि एकूण वेळ अर्ध्या तासाहून कमी. आज ती रॉकच्या कोणत्याही इतिहासात असते, पण अमेरिकेत पाच लाख प्रतींचे सुवर्णमानांकन तिला मिळाले २०१४मध्ये, म्हणजे ३८ वर्षांनी. तोवर मूळ चौघांपैकी जॉयी, डी डी आणि जॉनी मरण पावले होते, आणि चौथा, टॉमी, त्याच वर्षीच्या जुलैत गेला. मुद्रिका विकल्या जात नसताना हे लोक जगत कशावर होते? उत्तर आहे २,२६३ या आकड्यात. इतके जाहीर कार्यक्रम त्यांनी १९९६पर्यंत केले. एका व्हॅनमध्ये बसून गावोगाव जाणारे, आपसांत वर्षानुवर्षे न बोलणारे, आणि तरीही रात्री आठ-नऊच्या सुमारास एकसारखी जाकिटे घालून उभे राहणारे ते कामगार होते, असे पाहिले की बंडखोर तरुणांच्या ठरीव चित्रापेक्षा अधिक खरे काहीतरी दिसू लागते. तमाशाच्या फडाचा हंगाम ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

दंतकथा तपासण्याची एक रीत वर आलीच आहे. दुसरी रीत म्हणजे मूळ कागद पाहणे. गिटारच्या तीन स्वरमेळांची हाताने काढलेली आकृती आणि खाली ‘आता बँड काढा’ असा आदेश, हे चित्र पंकचे बोधचिन्हच होऊन बसले आहे आणि ते ‘स्निफिन ग्लू’मध्ये छापले होते, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात ते जानेवारी १९७७मध्ये ‘साइडबर्न्स’ या दुसऱ्याच पत्रिकेत आले. चूक लहान आहे, पण ती पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली, कारण उतरवणाऱ्यांपैकी कोणी अंक उघडून पाहिला नाही. अशा पत्रिकांना मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न पडल्यास आपल्याकडे शब्द तयार आहे. साठच्या दशकात मुंबईत निघालेल्या अनियतकालिकांचे सायक्लोस्टाइल केलेले अंक ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना कागदाचा पोत, वाकडी टंकलिखित अक्षरे आणि पुढच्या अंकाची अनिश्चिती हे सगळे ओळखीचे वाटेल. दोन्हींचा एकमेकांशी संबंध मात्र जोडू नये, कारण तसा तो नव्हता.

वृत्तपत्रीय वादळांबद्दल लिहिताना त्यांचे परिणाम मोजावेत, शब्द मोजू नयेत. १ डिसेंबर १९७६ रोजी टेम्स टेलिव्हिजनच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात बिल ग्रंडी या निवेदकाशी बोलताना सेक्स पिस्टल्सच्या मंडळींनी शिव्या दिल्या. तो कार्यक्रम फक्त लंडन परिसरात दिसत असे, पण दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी ती बातमी देशभर पोहोचवली. त्या दिवशी मुळात यायचे होते ते क्वीन, म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा बँड. ते न आल्याने त्यांच्याच ध्वनिमुद्रिका कंपनीशी करार असलेल्या पिस्टल्सना ऐन वेळी बोलावणे गेले. किती शिव्या दिल्या, हे पुन्हा पुन्हा लिहिले जाते. चरित्रकाराने त्यापुढचे लिहावे. ठरलेल्या दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम नगरपालिकांनी आणि सभागृहांनी रद्द केले, जानेवारीत कंपनीने करार मोडला, मार्चमध्ये दुसऱ्या कंपनीने करार करून आठवड्याभरात तोही मोडला. वाजवायला जागा नाही, अशी अवस्था झालेल्या बँडचा जानेवारी १९७८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत शेवट झाला, त्याची कारणे शोधताना या रिकाम्या महिन्यांकडे आधी पाहावे.

मृत्यू आणि आजार यांविषयी विशेष सावधगिरी हवी. सेक्स पिस्टल्समधला सिड व्हिशस २ फेब्रुवारी १९७९ रोजी एकविसाव्या वर्षी गेला, आणि त्याची मैत्रीण नॅन्सी स्पंजन त्याआधी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलात मृतावस्थेत सापडली होती. त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला, परंतु खटला चालण्याआधीच तो मरण पावल्याने न्यायालयात काहीही सिद्ध झाले नाही. एवढेच लिहावे. या दोघांच्या कथेला प्रेमकथेचा मुलामा देणारे लेखन विपुल आहे आणि त्यात भर घालण्याचे कारण नाही. सगळे मृत्यू एकाच रंगात रंगवणेही चुकीचे. रमोन्सपैकी फक्त डी डी अमली पदार्थांमुळे गेला. बाकी तिघांना वेगवेगळ्या प्रकारचा कर्करोग झाला. मिनिटमेन या बँडचा डी. बून २२ डिसेंबर १९८५ रोजी ॲरिझोनातल्या रस्त्यावर व्हॅनच्या अपघातात सत्ताविसाव्या वर्षी गेला. कमी खर्चात, स्वतःच गाडी हाकत, गावोगाव वाजवत फिरणे ही त्या बँडची जगण्याची पद्धत होती. पण हा अपघात दौऱ्यावर असताना झालेला नव्हता, तेव्हा दोन्हींची सांगड घालू नये.

हेस्टिंग्जच्या धक्क्यावरची ती मुलगी आठवत असेल. तिने संगीतविषयक साप्ताहिकांत जाहिरात देऊन सोबती जमवले, पॉली स्टायरीन हे नाव घेतले आणि एक्स-रे स्पेक्स हा बँड काढला. वडील सोमाली, आई गोरी ब्रिटिश, दातांना तारा, आवाज भिंत भेदणारा, आणि गाण्यांचा विषय प्लॅस्टिक, जाहिराती, जंतुनाशके. १९७८च्या पहिल्या तबकडीनंतर वर्षभरात ती बाहेर पडली. तिच्या मानसिक आजाराचे निदान आधी चुकीचे, स्किझोफ्रेनिया असे झाले, आणि तो बायपोलर विकार असल्याचे पुष्कळ उशिरा कळले. मधल्या काळात ती कृष्णभक्तीकडे वळली आणि लंडनजवळच्या भक्तिवेदांत मनोर या मंदिरात राहिली. भारतीय लेखकाला इथे मोह होतो की ‘पाश्चात्त्य बंडखोर अखेर आपल्याकडे शांती शोधायला आली’ असा सूर लावावा. तो लावू नये, कारण आजार तिथेही सोबत होता आणि संगीत तिने कायमचे सोडले नाही. २०११च्या एप्रिलमध्ये कर्करोगाने ती गेली, तेव्हा तिची नवी तबकडी नुकतीच आली होती.

कोण राहून गेले, हा प्रश्न मसुदा पूर्ण झाल्यावर स्वतःला विचारावाच. डेट्रॉइटमधल्या हॅकनी या तीन कृष्णवर्णीय भावांचा डेथ नावाचा बँड १९७५मध्ये जे वाजवत होता ते रमोन्सच्या पहिल्या तबकडीशेजारी सहज शोभेल. नाव बदलल्यास करार देतो, असे सांगणाऱ्या कंपनीला त्यांनी नकार दिला, ५०० प्रतींची एक मुद्रिका स्वतः काढली आणि विस्मरणात गेले. नाव न बदलण्याचा आग्रह धरणारा डेव्हिड २००० साली वारला, आणि फिती २००९मध्ये तबकडी होऊन बाहेर आल्या. लंडनमध्ये १९७९च्या सुमारास पाकिस्तानी वंशाच्या तीन मुलांनी एका गोऱ्या गिटारवादकाला घेऊन एलियन कल्चर हा बँड काढला. परकी संस्कृती देशाला बुडवील अशी लोकांना भीती वाटते, असे मार्गारेट थॅचर १९७८मध्ये बोलल्या होत्या आणि बँडचे नाव त्यावरूनच आले. या लोकांसाठी शेवटी वेगळा परिच्छेद ‘इतर’ म्हणून जोडू नये. त्यांच्या तारखा मुख्य वहीतच भराव्यात, म्हणजे ते आपोआप योग्य जागी येतात.

भाषेच्या दोन अडचणी मराठीतच उद्भवतात. पहिली नावाची. संस्कृतात पंक म्हणजे चिखल, आणि पंकजाचा श्लेष करण्याची इच्छा पहिल्याच परिच्छेदात होते. इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ टाकाऊ, फालतू मनुष्य असा असल्याने श्लेष जुळतोही, पण एकदाच करावा. दुसरी अडचण गंभीर आहे. सिड व्हिशस आणि गायिका सूझी सू यांच्यासह काही जण सुरुवातीच्या काळात नाझी चिन्ह अंगावर घालत. त्याला नुसते ‘स्वस्तिक’ म्हटले तर मराठी वाचकाच्या मनात उंबरठ्यावरचे कुंकवाचे चिन्ह येते आणि त्या कृतीतला हिणकसपणा नाहीसा होतो. तेव्हा ‘नाझी चिन्ह’ असेच लिहावे, आणि टॉमी रमोनचे आईवडील बुडापेस्टमध्ये ज्यूंच्या संहारातून लपून वाचले होते, याचीही आठवण त्याच ठिकाणी द्यावी.

साधनांसाठी परदेशी जावे लागतेच असे नाही. वॉशिंग्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१४पासून शहरातल्या पंकचा स्वतंत्र संग्रह सुरू केला आहे, आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फेल्स ग्रंथालयात नव्वदीतल्या रायट गर्ल या पंकमधल्या स्त्रियांच्या चळवळीची कागदपत्रे आहेत. टीन आयडल्समधल्या मॅकायच्याच पुढच्या बँडने, फुगाझीने, १९८७पासून केलेल्या आठशेहून अधिक कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे जतन केली आणि २०११पासून ती टप्प्याटप्प्याने जालावर ठेवली. तिकीट शक्यतो पाच डॉलर आणि प्रवेशाला वयाची अट नाही, हा त्यांचा नेम होता. गाण्यांच्या मधे गायक श्रोत्यांशी काय बोलतो, ढकलाढकली करणाऱ्याला कसे थांबवतो, हे या फितींवर ऐकू येते आणि कोणत्याही मुलाखतीपेक्षा ते अधिक भरवशाचे असते. उलट टोकाचे उदाहरणही आहे. पिस्टल्सचे व्यवस्थापक माल्कम मॅक्लारेन आणि व्हिव्हियन वेस्टवुड यांचा मुलगा जो कोरे याने २६ नोव्हेंबर २०१६ रोजी टेम्स नदीतल्या बोटीवर आपला पंक संग्रह जाहीरपणे जाळला, आणि त्याची किंमत ५० लाख पौंड असल्याचे त्याने सांगितले. पंकचे सरकारी उत्सव होऊ लागल्याचा निषेध म्हणून त्याने हे केले. त्याची भूमिका कोणाला पटो वा न पटो, ते कपडे आणि ते कागद आता कोणालाच तपासता येणार नाहीत. म्हणून एखाद्या पत्रिकेचे किंवा वेष्टनाचे चित्र जालावर सापडले की त्याची प्रत त्याच दिवशी उतरवून घ्यावी, ती कोठून आणि कोणत्या तारखेला घेतली हे तिच्याच नावात लिहून ठेवावे, आणि मगच वहीतली पुढची ओळ भरावी.